इपीच्या पिस्तवर मुसाशी किती चालतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोनेक वर्षं इपी (फेन्सिंगमधली फक्त टोकाने टोचायची तलवार) खेळता, पूलमधल्या, म्हणजे सुरुवातीच्या गटातल्या, पाच टचच्या लढती बऱ्या जातात, पण बाद फेरीत पंधरा टचची लढत आली की चार-पाच टच मिळवल्यावर गाडं अडतं. मधल्या काळात सतराव्या शतकातला जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशी याचं तलवारविद्येवरचं पुस्तक ‘गो रिन नो शो’ वाचलंत, भारावून गेलात आणि ‘शून्य मनाने’ खेळायचं ठरवलंत. ते काही जमत नाही. सर म्हणतात, पुस्तक बाजूला ठेव आणि पायांवर काम कर. तर जुन्या जपानी तलवारविद्येचा आजच्या फेन्सिंगमध्ये खरंच उपयोग होतो का?

होतो. पण तुम्ही ज्या टोकाकडून सुरुवात केलीत, तिकडून नाही. आणि तुमचे सर व मुसाशी यांच्यात तुम्हाला वाटतंय तेवढं भांडणही नाही.

आधी माझा कल कुठे आहे ते सांगते. मी इपी शिकवते. त्याआधी बरीच वर्षं खेळले आणि खेळणं कमी झाल्यावर काही काळ केंडो (बांबूच्या तलवारीचा जपानी खेळ) केला. केंडोत मी फार पुढे गेले नाही, त्यामुळे त्या परंपरेच्या गाभ्याबद्दल अधिकाराने बोलणार नाही. पिस्तवर, म्हणजे फेन्सिंगच्या पट्टीवर, त्यातलं काय टिकतं आणि काय गळून पडतं, एवढ्यापुरतंच बोलते. शिवाय तुमची लढत मी पाहिलेली नाही. तुमची उंची, डावखुरे आहात की उजवे, मूठ पिस्टल ग्रिपची धरता की फ्रेंच, यावर खालचं बरंचसं इकडेतिकडे होईल.

तुमच्या प्रश्नात ‘मन’ पुन्हा पुन्हा येतं. मला वाटतं, अडचण मनाची नाहीच, निदान सुरुवातीला तरी नाही. पाच टचची लढत तीन मिनिटांची. तुम्ही काय करता हे समोरच्याला उमगायच्या आत ती बऱ्याचदा संपते. पंधरा टचच्या लढतीत तीन-तीन मिनिटांचे तीन भाग असतात, मधे एकेक मिनिटाची विश्रांती असते आणि त्या विश्रांतीत त्याचा कोच त्याच्या कानाला लागलेला असतो. पाच-पाचवरून तुम्ही घसरता तेव्हा बहुधा असं होतं की तुमच्या आवडत्या एक-दोन ॲक्शन त्याने वाचलेल्या असतात आणि तुम्ही त्याच पुन्हा, फक्त जास्त जोरात करत असता. मन ढळतं ते त्यानंतर. म्हणजे तुम्हाला हवंय ते समोरच्याला वाचण्याचं आणि स्वतः वाचलं न जाण्याचं तंत्र. गंमत म्हणजे ते पुस्तक नेमकं याच बाबतीत सर्वात पक्कं आहे, आणि तुम्ही मात्र शेवटचा भाग आधी उघडलात.

पुस्तकाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. मुसाशीने ते कुमामोतोजवळच्या रेगानदो नावाच्या गुहेत १६४३ साली लिहायला घेतलं आणि १६४५ मध्ये, मरणाच्या थोडंच आधी, शिष्याच्या हाती दिलं. भूमी, जल, अग्नी, वायू आणि शून्य असे त्याचे पाच भाग. आपल्याला पंचमहाभूतं आठवतात ते बरोबरच आहे. ही मांडणी बौद्ध परंपरेतून तिकडे गेलेली. दुसरं असं की ते हातात तलवार असलेल्या शिष्यांसाठी लिहिलंय. जवळजवळ प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी तो म्हणतो, याचा नीट विचार करा, कसून सराव करा. म्हणजे मजकूर अर्धा आहे, उरलेला अर्धा तालमीत. तुमच्या सरांचं म्हणणं याहून वेगळं नाही.

आता निवड कशी करायची? जुना कुठलाही सल्ला समोर आला की मी एकच तपासते: हा सल्ला काय गृहीत धरतो? मुसाशीच्या काळात बहुतेकांची तलवार दोन हातांची, कापणारी, सत्तरेक सेंटिमीटर पात्याची. एक वार नीट बसला की प्रकरण संपलं. आपली इपी एका हातात, वजन ७७० ग्रॅमच्या आत, पातं ९० सेंटिमीटर, आणि फक्त टोक चालतं. त्या टोकातली स्प्रिंग ७५० ग्रॅमचा दाब आला की दबते आणि दिवा लागतो. दोघांचे टच ४० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पडले, तर दोन्ही दिवे लागतात आणि दोघांनाही गुण. जो सल्ला तलवारीच्या जडपणावर, कापण्यावर किंवा मरणावर उभा आहे, तो इथे उलटतो. जो सल्ला दोन माणसं, त्यांच्यातलं अंतर आणि अपुरा वेळ यांवर उभा आहे, तो जसाच्या तसा चालतो.

उलटणाऱ्यांतलं एक उदाहरण देते, कारण बरेच जण त्यात फसतात. जल-भागात मुसाशी सांगतो की आखूड हातांच्या माकडासारखे व्हा: हात आधी पुढे काढू नका, अंग आधी आत न्या. कटानासाठी, म्हणजे त्या जपानी तलवारीसाठी, हे बरोबर आहे. अंग मागे ठेवून लांबवलेल्या हातात कापायची ताकद नसते आणि तो हातच छाटला जातो. इपीत हेच केलंत तर दर वेळी मनगटावर टच घ्याल. आपल्याकडे हात आधी, पाऊल नंतर, कारण ७५० ग्रॅमला अंगाचं वजन लागत नाही. टाच जमिनीवर घट्ट रोवा, उड्या मारत चालू नका, हेही त्याचंच. आजची इपी पायांच्या बारीक, सततच्या ये-जावर जगते, तेव्हा ते त्याच्यापाशीच राहू द्या. प्रतिस्पर्ध्याला डिंकासारखं अंगाला चिकटा, असंही तो म्हणतो. आपल्याकडे अंगाला अंग भिडलं की रेफ्री ‘हॉल्ट’ म्हणतो आणि विषय संपतो.

आणि हो, गानर्यू बेटावर १६१२ साली सासाकी कोजिरोशी झालेल्या लढतीला मुसाशी मुद्दाम उशिरा गेला आणि त्याला चिडवून हरवलं, ही गोष्ट तुम्ही ‘मानसिक डावपेच’ म्हणून लिहिली आहे. मुसाशीच्या पुस्तकात ती नाही. त्याच्या दत्तक मुलाने १६५४ मध्ये कोकुरा इथे उभारलेल्या शिलालेखात तर दोघे एकाच वेळी समोरासमोर आले असं म्हटलंय. उशिराची कथा त्यानंतरच्या काळातली. आपल्याकडे पिस्तवर पुन्हा पुन्हा नाव पुकारूनही तुम्ही आला नाहीत तर सरळ बाद. चिडतील ते तुमचे सर.

आता जे चालतं त्याकडे वळू. पहिली गोष्ट ‘सावली हलवणे’. अग्नी-भागात तो सांगतो: समोरच्याच्या मनात काय आहे ते दिसत नसेल, तर जोरात हल्ला करतोय असं दाखवा, तो काय करतो त्यावरून त्याचा बेत उघडा पडेल. इपीच्या पहिल्या मिनिटाचं याहून चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही. तुम्ही पहिल्या मिनिटात टच मिळवायला धावता. त्याऐवजी, लागणार नाही एवढं अंतर राखून, दोन-तीन खोटे हल्ले करा. पाऊल खरं, हात खरा, फक्त लंज (पुढचा पाय लांब टाकून टोचणं) अर्धा. आणि बघा, तो मागे जातो? हात लांब करून काउंटर (तुमच्या हल्ल्यावरच उलटा टच) मारतो? पॅरी घेतो (पात्याने पातं अडवतो), आणि घेतली तर कुठली? की काहीच न करता थांबतो? या चार उत्तरांतलं एक मिळालं तरी पुढचे पाच टच कसे मिळवायचे याचा अंदाज येतो.

इथे एक अट आहे. खोटा हल्ला खरा वाटला पाहिजे, नाहीतर सावली हलत नाही. नवख्यांचा खोटा हल्ला खांद्यावरून ओळखू येतो: पाऊल पुढे जातं, पण खांदा मागेच राहतो. समोरचा हे बघून ढिम्म उभा राहतो आणि तुम्हाला वाटतं, तो फार शांत आहे. तो शांत नाही, तुम्ही त्याला काही दाखवलंच नाही. सरावासाठी मी विद्यार्थ्यांना तीन टचची लढत थांबवून एकमेकांबद्दल सांगायला लावते: ‘मी आत आले की तू काय करतोस?’ सुरुवातीला बहुतेकांना उत्तर येत नाही. स्वतःने काय केलं ते आठवतं, समोरच्याने काय केलं ते नाही. हे उत्तर येऊ लागलं की पंधरा टचची लढत निम्मी हलकी होते.

दुसरी गोष्ट ‘उशी दाबणे’. झोपलेल्याने डोकं उचलायच्या आत उशीवर दाबून ठेवावं, तसं समोरच्याची कृती सुरू होता होताच अडवायची. मुसाशी म्हणतो, वार करायचा शब्द पहिल्याच अक्षरावर दाबा. केंडोत याचं एक फार देखणं रूप आहे, ‘देबाना-कोते’: समोरचा वार करायला हात उचलू लागतो, त्याच क्षणी त्याच्या मनगटावर मारायचं. इपीवाल्याने हे पाहिलं की हसू येतं, कारण हाच आपला हातावरचा स्टॉप-हिट. पूर्ण शरीर लक्ष्य असल्यामुळे समोरच्याचा हात हा सगळ्यात जवळचा टच, आणि हल्ल्याची तयारी करताना तो हमखास उघडा पडतो.

इथे वेळेचं गणित समजून घ्या. डोळ्याने पाहून हात हलेपर्यंत, साध्यातल्या साध्या प्रतिक्रियेलासुद्धा साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. दोन दिव्यांमधली खिडकी त्याच्याही पाचव्या हिश्शाची. म्हणजे समोरचा लंज सुटल्यावर तुम्ही ठरवाल तर उशीर झालेलाच असणार. पाहायचं ते लंजच्या आधीचं: पुढच्या पायाचा चवडा उचलला जाणं, गार्ड (मुठीवरची वाटी) किंचित खाली येणं, श्वास धरणं, शेवटचं पाऊल जरा लांब पडणं. प्रत्येकाची खूण वेगळी असते आणि ती पहिल्या मिनिटातल्या सावलीतून कळते. सराव साधा आहे: जोडीदार पाऊल-लंज करतो, तुम्ही त्याच्या पावलावर मनगटाला टोक लावता आणि ताबडतोब मागे जाता. लंज सुरू झाल्यावर लागलेला टच मोजायचा नाही, दिवा लागला तरी नाही.

आणि यातला सर्वात मोलाचा भाग लोक वाचतच नाहीत. मुसाशी पुढे म्हणतो की समोरच्याच्या निरुपयोगी हालचाली त्याला करू द्या, फक्त उपयोगाच्या दाबा. शिवाय, सारखं ‘दाबायचं, दाबायचं’ मनात असेल तर तुम्ही मागेच राहाल. जे प्रत्येक फसव्या हालचालीला काउंटर मारतात, त्यांच्यासाठी हे लिहून भिंतीवर लावावं असं आहे. चांगला इपीवाला तुमच्या काउंटरचीच वाट पाहत असतो. तो तुम्हाला हात लांब करायला लावतो, पातं अडवतो आणि मग मारतो.

फॉइल किंवा सेबर, म्हणजे फेन्सिंगमधल्या बाकीच्या दोन तलवारी, खेळणारं कोणी हे वाचत असेल तर थांबा. तुमच्याकडे हल्ल्याचा अग्रहक्क आहे. समोरच्याचा हात लांब होऊन हल्ला सुरू झाला की तुमचा स्टॉप-हिट बहुतेक वेळा रेफ्री मोजत नाही, आधी पॅरी हवी. उशी दाबायची तर ती त्याच्या हल्ल्याच्या तयारीत दाबली असं रेफ्रीला दिसलं पाहिजे. म्हणजे तिथे तुम्ही दोन माणसांना वाचत असता. इपीला हा त्रास नाही. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच द्वंद्वयुद्धांतून ती आली, म्हणून तिघींपैकी जुन्या तलवारबाजांचा सल्ला तिलाच जास्त मानवतो.

तिसरी गोष्ट लय. त्यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात याचा फायदा सर्वांत लवकर दिसतो. मुसाशी वारांच्या अनेक लयी सांगतो. त्यातली एक अशी: अंतर पोहोचण्याजोगं आहे आणि समोरच्याचं अजून ठरलेलं नाही, मागे जावं की अडवावं की मारावं, त्या क्षणी अंग न हलवता एका ठोक्यात मारायचं. दुसरी अशी: तुम्ही मारायला जाता, तो झटकन आवळतो किंवा मागे सरतो, तुम्ही मारत नाही, फक्त दाखवता, तो आवळलेला सैल होतो, त्या सैल होण्यावर मारायचं. ही दुसरी लय तुमच्यासारख्यांना सोन्यासारखी आहे. पहिला हल्ला चुकला की तुम्ही परत फिरता, बरोबर? बहुतेक जण फिरतात. आणि तुमचा हल्ला चुकवल्यावर समोरचा एक सुटकेचा श्वास टाकतो, त्याचा हात किंचित खाली येतो, पावलं थांबतात. तो क्षण अर्ध्या सेकंदाचाही नसतो, पण तुम्ही त्याची वाट पाहत असाल तर पुरेसा असतो.

याचा सराव असा: पाऊल, पाऊल, अर्धा लंज, परत गार्डमध्ये (मूळ पवित्र्यात), एक थांबा, आणि मग लंज किंवा फ्लेश (धावत जाऊन केलेला हल्ला). तो थांबा प्रत्येक वेळी वेगळ्या लांबीचा. जोडीदाराला सांगायचं की मी कधीतरी येणार आहे, कधी ते सांगणार नाही. तुम्हाला लवकरच कळेल की ठरावीक थांब्यानंतर येणारा हल्ला तो सहज अडवतो आणि एक ठोका उशिरा आलेला तोच हल्ला त्याला लागतो, जरी तो अधिक संथ असला तरी. वायू-भागात मुसाशी वेगावरच टीका करतो. म्हणतो, निष्णात माणूस घाईत दिसत नाही. पिस्तवर मी यात भर घालीन: सुरुवात संथ, शेवट वेगवान. उलटं करणारे वयाच्या वीस-बावीस वर्षांपर्यंत जिंकतात आणि मग अडकतात.

आता तुमच्या पाच-पाचच्या दुखण्याचं औषध. अग्नी-भागातच ‘डोंगर आणि समुद्र’ असा एक मुद्दा आहे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं वाईट. दोनदा केली तर इलाज नाही, पण तिसऱ्यांदा नाही. एकदा जमलं नाही, पुन्हा जोर लावला तरी जमलं नाही, तर अगदी वेगळं काहीतरी अचानक करा. तो डोंगराच्या विचारात असेल तर तुम्ही समुद्र व्हा. मी हा नियम सरावाच्या लढतींत सरळ लावते: एकाच ॲक्शनचा तिसरा सलग टच मोजला जात नाही. हे तुमच्या सरांना सुचवून बघा, मुसाशीचं नाव न घेता.

पण इथे मी मुसाशीशी पूर्ण सहमत नाही. त्याच्या लढती एका वारात संपायच्या. आपल्याला पंधरा टच लागतात. एखादी ॲक्शन लागत असेल आणि समोरच्याने उपाय शोधल्याची खूण नसेल, तर ती तिसऱ्यांदाच काय, सहाव्यांदाही करा. नियम आहे तो न लागलेल्या ॲक्शनसाठी आणि अशा ॲक्शनसाठी, जी लागली पण निसटती लागली. निसटता टच हा इशारा असतो. तुम्ही तो गुण म्हणून बघता, समोरचा धडा म्हणून बघतो, आणि पुढच्या वेळी तो तयार असतो. गुणफलकही विचारात घ्या. तुम्ही तीन-चार गुणांनी पुढे असाल तर दोन्ही दिवे लागणारी ॲक्शन तुमच्या फायद्याची असते, कारण फरक तसाच राहतो आणि तुम्ही पंधराच्या जवळ जाता. जुन्या तलवारबाजाला ‘दोघेही मेले’ यात फायदा शोधावा लागला नाही. चौदा-चौदाला मात्र दोन्ही दिवे लागले तर ते मोजत नाहीत, पुन्हा खेळावं लागतं. तिथे पहिल्यांदाच तुमची स्थिती त्या जुन्या तलवारबाजाच्या जवळ येते.

इथवरचं एका दमात: पहिल्या मिनिटात सावली हलवून माहिती काढा, त्या माहितीवर त्याच्या तयारीतच हात मारा, तो सावध झाला की लय मोडा, आणि न लागलेली गोष्ट दोनदाच करा. पाच-पाचला तुमच्याकडे अजून न दाखवलेलं निदान एक काहीतरी शिल्लक हवं.

आता शून्य. तो भाग पुस्तकात सर्वात छोटा आहे, आणि त्यात मुसाशी स्पष्ट म्हणतो की लोकांना जे कळत नाही त्याला ते शून्य म्हणतात, पण ते खरं शून्य नव्हे, तो गोंधळ आहे. सराव करून करून मनातलं मळभ निघून गेलं की उरतं ते. म्हणजे ते फळ आहे, तुम्ही ते बियाणं म्हणून पेरताय. आणि तुम्ही ज्याला ‘विचाररहित वार’ म्हणता, तो जल-भागात आलाय आणि तिथे तो मनाची कायमची अवस्था म्हणून नाही, एका ठरावीक प्रसंगासाठी आहे: दोघेही एकाच वेळी मारायला निघालेत, तेव्हा अंग आणि मन वारात झोकून हात आपोआप, वाढत्या वेगाने जाऊ द्यायचा. इपीत असा प्रसंग येतो, दोघांचा लंज एकत्र सुटतो तेव्हा. तिथे पॅरीचा विचार करणारा हरतो. बाकी वेळी विचार करायचाच असतो, फक्त तो रेफ्रीच्या ‘हॉल्ट’ (थांबा) आणि ‘आले’ (फ्रेंचमध्ये ‘सुरू करा’) यांच्या मधे.

मनाबद्दल वाचायचंच असेल तर मुसाशीपेक्षा त्याचे दोन समकालीन जास्त कामाचे. ताकुआन सोहो हे झेन भिक्षू आणि यागयू मुनेनोरी हे तोकुगावा शोगुनांचे तलवारगुरू. ताकुआन यांनी मुनेनोरींना लिहिलेला मजकूर सारा एका गोष्टीभोवती फिरतो: मन थांबता कामा नये. समोरच्याच्या तलवारीवर मन ठेवलंत तर ती तलवार तुमचं मन घेऊन जाते. स्वतःच्या तलवारीवर ठेवलंत तर तीच. पिस्तवर हे डोळ्यांना दिसतं. विद्यार्थी सुंदर पॅरी घेतो आणि त्या पॅरीवर खूश होऊन क्षणभर तिथेच राहतो. रिपोस्ट (पॅरीनंतरचा उलटा हल्ला) उशिरा निघतो आणि तोवर समोरच्याने रेमीज (अडवलेला हल्ला लगेच पुन्हा) टोचलेला असतो. मी लेसनमध्ये मुद्दाम पॅरीनंतर पुन्हा टोचते, रिपोस्ट लगेच येईपर्यंत. उपदेशाची गरज पडत नाही.

मुनेनोरींनी १६३२ साली लिहिलेल्या ग्रंथात रोगांची यादी आहे: जिंकायचंच हा विचार रोग, शिकलेलं तंत्र दाखवायचंच हा रोग, हल्लाच करायचा हा रोग. आणि शेवटी, हे सगळे रोग घालवायचेच हाही रोग. तुमचा ‘मन शून्य करायचंच’ हा शेवटच्या प्रकारातला. त्यावर मी एक साधी गोष्ट करायला सांगते: प्रत्येक टचनंतर, गार्ड लाइनवर, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर, परत जाताना, समोरच्याने आत्ता काय केलं ते एका वाक्यात मनात म्हणा. गुण कुणाला मिळाला ते नाही. चौदा-चौदालाही तेच. जिंकायचा विचार हटवायला तुम्हाला वेगळे कष्ट पडत नाहीत, कारण डोक्यात त्याला जागाच उरत नाही.

नजरेबद्दल विचारलं होतं. मुसाशी म्हणतो, डोळे न फिरवता दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत आणि समोरच्याची तलवार न बघता कळली पाहिजे. मुनेनोरींच्या परंपरेत तलवार धरलेल्या हातांकडे बघण्यावर भर आहे. मी नवख्यांना एवढंच सांगते की टोकाकडे बघू नका. ते सर्वात लहान आणि सर्वात वेगवान. गार्डच्या मागे, कोपर आणि छाती यांच्या मधे नजर सैल ठेवा. काही उत्तम खेळाडू मुनेनोरींसारखे सरळ हाताकडे बघतात. दोन्ही करून बघा, मास्कच्या जाळीतून तुम्हाला काय सोसतं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

तुम्ही लिहिलंय की जपानने टोकियो ऑलिंपिकमध्ये इपीचं सांघिक सुवर्ण घेतलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला कोकी कानोने वैयक्तिक, तर ‘समुराई वारसा कामी आला असणार’. मोह होतो, कळतं. पण जपानच्या या यशामागे युक्रेनमधून आलेले प्रशिक्षक आहेत, फॉइलमध्येही आणि इपीतही. २००८ मध्ये युकी ओताने मिळवलेलं फॉइलचं रौप्य हे त्यांचं फेन्सिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक, म्हणजे मुसाशीनंतर साडेतीन शतकांहून अधिक काळ गेल्यावर. वारसा एवढा थेट उतरत असता तर इतका उशीर झाला नसता. कानोची लढत बघा, पायांची ये-जा बघा. तुमचे सर तेच सांगताहेत.

खरं तर हा प्रश्न जपान्यांनाच आधी पडला होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जिकिशिनकागे परंपरेतल्या नागानुमा शिरोझाएमोन यांनी बांबूची तलवार आणि चिलखत वापरून पूर्ण जोराने सराव करायची पद्धत आणली. त्यातूनच पुढे केंडो आला. सुरक्षित साधनं आली की माणसं जे धाडस खऱ्या तलवारीसमोर करणार नाहीत ते करू लागतात, हे तिथेही झालं आणि दिव्यांच्या खोक्यासमोर आपल्याकडेही होतं. त्यावर केंडोचं उत्तर ‘झानशिन’: वार बसल्यानंतरही सावध राहणं. जिंकल्याचा जल्लोष केला तर मिळालेला गुण रद्द होऊ शकतो. आपल्याकडे मास्क काढून ओरडणं हा जणू खेळाचाच भाग! ओरडा हवं तर, पण ‘हॉल्ट’ ऐकल्यावर. टोक घसरलं, दिवा लागलाच नाही आणि खेळाडू पाठ फिरवून उभा, हे मी दर स्पर्धेत बघते, आणि इपीत समोरचा त्या पाठीवर टच लावायला मोकळा असतो.

राहिले तुमचे शेवटचे दोन प्रश्न. दोन तलवारींचा सराव करावा का? मुसाशीने दोन तलवारी धरायला लावण्याचं एक कारण स्वतःच दिलंय: लांब तलवार एका हाताने चालवायची सवय व्हावी. तुम्ही आधीच एका हाताने खेळता. दुसऱ्या हाताचा उपयोग तोल सांभाळण्यापुरता. त्याने पातं अडवलंत किंवा अंग झाकलंत तर कार्ड मिळेल.

केंडोचा वर्ग लावू का? जवळ चांगला वर्ग असेल आणि स्पर्धांचा हंगाम संपला असेल तर जरूर लावा. अंतर राखून दबाव टाकणं आणि मनगटावर नेम, या दोन गोष्टी तिथे फार चांगल्या शिकवतात. सुरुवातीचे काही आठवडे इपीत हात खांद्याच्या वर उचलला जाईल, तेव्हा सरांना आधीच सांगून ठेवा. स्पर्धा जवळ आली की मात्र थांबवा. केंडोत कंबर सरळ समोर असते, उजवा पाय आपटत पुढे जातो आणि मागची टाच उचललेली असते. आपल्या लंजमध्ये मागचा तळवा जमिनीला टेकून राहायला हवा. दोन्ही सवयी एकाच आठवड्यात ठेवल्या की आधी गुडघा कुरकुरतो आणि मग लंज आखूड होतो.